अवजड मालमोटारींच्या सुकाणू यंत्रणेतील दोषांचे अन्वेषण

अवजड मालमोटारींच्या सुकाणू यंत्रणेतील दोषांचे अन्वेषण : मालमोटारीची पुढची चाके चालकाच्या इच्छेनुसार वळविणाऱ्या भागांच्या साखळीस सुकाणू यंत्रणा किंवा व्यवहारात स्टिअरिंग असे म्हणतात. या साखळीतील एखादा भाग तुटला, निखळला किंवा अडकला, तर त्यामागे अभिकल्प, धातू, घडाई किंवा जुळणी यांतील काही दोष होता काय, आणि असल्यास तो एकाच गाडीपुरता आहे की त्या घडणीच्या सर्व गाड्यांत दडलेला आहे, याचा पद्धतशीर शोध घेणे म्हणजे दोष-अन्वेषण होय. या शोधाचा इतिहास धातुविज्ञान व कायदा या दोन्ही क्षेत्रांत पसरलेला आहे. अपघात झाला की दोष चालकाचाच, या सर्वसाधारण समजुतीपासून ‘भागाचीही तपासणी झाली पाहिजे’ या तत्त्वापर्यंतचा प्रवास त्यात दिसून येतो. चालकाची उपजीविका व स्वातंत्र्य आणि रस्त्यावरील इतरांचे प्राण या दोहोंचा निर्णय पुष्कळदा पोलादाच्या एका तुटलेल्या तुकड्यावर अवलंबून असल्याने या विषयास केवळ तांत्रिक नव्हे, तर सामाजिक महत्त्वही आहे.

यंत्रणेची रचना : चालकाच्या हातातील सुकाणू चक्राची गती एका दांड्यामार्फत सुकाणू पेटीकडे (स्टिअरिंग बॉक्सकडे) जाते. हा दांडा सामान्यतः दोन किंवा अधिक तुकड्यांचा असून ते तुकडे सर्वदिश सांध्यांनी (युनिव्हर्सल जॉइंटनी) जोडलेले असतात. अवजड मालमोटारींच्या सुकाणू पेटीत बहुधा मळसूत्र व नट यांच्या दरम्यान फिरत्या गोळ्या बसविलेल्या असतात आणि दाबयुक्त तेलाचे साहाय्य त्यास मिळते. पेटीतून बाहेर आलेल्या दंडावर पिटमन आर्म हा भुजेसारखा भाग घट्ट बसविलेला असतो. पिटमन आर्म ड्रॅग लिंक या दांड्यास पुढेमागे ढकलतो. ड्रॅग लिंक एका बाजूच्या चाकाच्या नकलला वळवितो आणि टाय रॉड हा आडवा दांडा तीच गती दुसऱ्या बाजूच्या नकलला पोहोचवितो. प्रत्येक नकल किंग पिनभोवती फिरते. दांड्यांच्या टोकांना गोलक-सांधे (बॉल जॉइंट) असतात व त्यांचे नट सैल होऊ नयेत म्हणून त्यांतून स्प्लिट पिन घातलेली असते.

दाबयुक्त तेलाचे साहाय्य देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये असे सुकाणू मोटारगाडीवर बसवून दाखविले. दुसऱ्या महायुद्धात अवजड लष्करी वाहनांत त्याचा उपयोग झाला. तेलाचा पंप बंद पडला किंवा नळी फुटली, तरी सुकाणू निकामी होत नाही. ते केवळ अतिशय जड होते. यांत्रिक दुव्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

रोधक (ब्रेक) यंत्रणा आणि सुकाणू यंत्रणा यांत एक मूलभूत भेद आहे. आधुनिक मालमोटारीच्या रोधकांची हवेची मंडले दोन असतात. एक निकामी झाले तरी दुसरे काम करते आणि हवा पूर्णपणे गेल्यास स्प्रिंगच्या जोराने रोधक आपोआप आवळले जातात. सुकाणूचा मार्ग मात्र एकेरी असतो. पिटमन आर्म, ड्रॅग लिंक किंवा दांड्याचा एखादा सांधा तुटल्यास त्याची जागा घेणारा दुसरा भाग नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या सुकाणूविषयक ७९ क्रमांकाच्या विनियमात याची दखल घेतलेली आहे. पुरेशा आकारमानाचे, देखभालीस सहज हाती येणारे आणि रोधकांसारख्या इतर आवश्यक भागांइतकेच सुरक्षित असे सुकाणूचे यांत्रिक भाग ‘तुटण्याजोगे नाहीत’ असे समजावे, असे तो विनियम सांगतो. म्हणजेच येथे सुरक्षितता पर्यायी मार्गावर नव्हे, तर भाग तुटणारच नाही या गृहीतावर उभी आहे. म्हणून असा भाग तुटला, तर ते गृहीतच तपासावे लागते.

भंगाची कारणे : सुकाणूच्या दांड्यांवर येणारा भार स्थिर नसतो. खड्डा, रस्त्याची कड, जागेवर उभ्या गाडीची चाके वळविणे अशा प्रत्येक प्रसंगी दांडा ताणला किंवा दाबला जातो. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मालमोटारीच्या पुढच्या आसावर सु. १२,००० पौंड (सु. ५,४०० किग्रॅ.) भार असणे सामान्य आहे आणि अशा गाडीची वर्षाची धाव सु. १ लाख मैल (सु. १ लाख ६० हजार किमी.) होणेही असामान्य नाही. भाराच्या अशा लक्षावधी आवर्तनांमुळे धातूस शिणवटा येतो. घडाईत राहिलेली घडी, आट्यांच्या तळाशी असलेली तीक्ष्ण खाच, गंजाने पडलेला खड्डा किंवा हत्याराचा ओरखडा अशा ठिकाणी केसासारखी बारीक चीर पडते व ती हळूहळू वाढत जाते. शिणवट्याखेरीज इतरही कारणे संभवतात. उष्णता संस्करण चुकल्यास पोलाद ठिसूळ होते. जुळणीच्या वेळी बोल्ट योग्य जोराने आवळला गेला नाही किंवा पिन घालावयाची राहिली, तर निर्दोष धातूचा सांधाही निखळतो. रबरी टोपण फाटून गोलक-सांध्यात धूळ व पाणी शिरले आणि वंगण मिळाले नाही, तर गोलक झिजून खोबणीतून बाहेर येतो. यांपैकी पहिली कारणे निर्मात्याकडे, तर शेवटचे बहुधा मालकाच्या देखभालीकडे बोट दाखविते. पुढे दिलेल्या जवळजवळ सर्व वादांचे मूळ या भेदात आहे.

तुटलेल्या भागाची साक्ष : अपघातानंतर पुढचा आस मोडलेला व दांडे तुटलेले आढळतात. भाग आधी तुटला व म्हणून गाडी आदळली, की गाडी आदळली म्हणून भाग तुटला, हा अन्वेषकापुढील पहिला प्रश्न असतो. भंगपृष्ठाच्या अभ्यासाने त्याचे उत्तर पुष्कळदा मिळते. शिणवट्याने झालेल्या भंगाची दोन क्षेत्रे असतात. चीर सावकाश पसरत गेलेला भाग गुळगुळीत असतो; त्यावर वाळूत लाटांनी मागे ठेवलेल्या रेषांसारख्या वक्र रेषा दिसतात व त्या रेषांचे केंद्र चिरेचा उगम दाखविते. हा भाग जुना असल्याने कधीकधी तेथे गंज किंवा वंगणाचा काळा थरही आढळतो. उरलेला धातू भार सहन न होऊन एकदम तुटतो व तो भाग खरबरीत आणि चकचकीत असतो. केवळ आघाताने तुटलेल्या दांड्याचे सर्व पृष्ठ ताजे असते आणि तन्य पोलाद तुटण्यापूर्वी वाकल्याच्या किंवा ताणल्याच्या खुणा त्यावर राहतात. सुटलेल्या नटाच्या बाबतीत आटे ओरबाडले गेले आहेत की शाबूत आहेत, आणि पिनच्या छिद्रात पिन घासल्याची खूण आहे काय, हे पाहिले जाते. रस्त्यावरील टायरच्या खुणाही साक्ष देतात : टाय रॉड आधीच तुटला असल्यास दोन पुढची चाके वेगवेगळ्या दिशांना ओढली गेलेली दिसतात.

ही साक्ष नाजूक असते. तुटलेली टोके एकमेकांस जुळवून पाहिली, तारेच्या ब्रशने घासली किंवा उघड्यावर पावसात पडू दिली, तर भंगपृष्ठावरील खुणा पुसल्या जातात. म्हणून तुकडे वेगवेगळे गुंडाळून कोरडे ठेवणे हा अन्वेषणाचा पहिला नियम मानला जातो. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाने पाहणी, कठिनतेचे मापन, रासायनिक विश्लेषण आणि त्याच घडणीच्या न तुटलेल्या भागांचे चुंबकीय कण व श्राव्यातीत तरंग यांनी परीक्षण केले जाते.

या शास्त्राचा उगम रेल्वेत झाला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आस तुटून मोठी प्राणहानी झाली. पुढील वर्षी विल्यम रँकिन यांनी आसांच्या अशा भंगाविषयी निबंध सादर केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आउगुस्ट व्होलर यांनी प्रशियाच्या रेल्वेसाठी केलेल्या प्रयोगांनी हे सिद्ध केले, की एकदाच लावल्यास सहज पेलता येणारा भार पुनःपुन्हा लावल्यास पोलाद तोडू शकतो. रेल्वेचा आस तुटल्यास त्याची जबाबदारी एंजिन हाकणाऱ्यावर टाकणे अवघड होते. रस्त्यावरील वाहनांच्या बाबतीत मात्र सुकाणू चालकाच्याच हाती असल्यामुळे संशयही प्रथम त्याच्याकडेच जात राहिला.

न्यायालयांतील आरंभ : अमेरिकेत दीर्घकाळ असा नियम होता, की सदोष वस्तूबद्दल निर्माता फक्त त्याच्याशी प्रत्यक्ष करार करणाऱ्यास, म्हणजे विक्रेत्यासच, उत्तरदायी असतो. १९१६ मध्ये ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक मोटर कंपनी’ या खटल्यात न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी हा नियम बाजूस सारला. त्या मोटारीच्या चाकाच्या आऱ्या सदोष लाकडाच्या असल्याने मोडल्या होत्या. चाक दुसऱ्या कारखान्यातून आणलेले होते. तरीही रास्त तपासणीने दोष सापडला असता, म्हणून मोटार जुळविणारी कंपनी वापरणाऱ्यास जबाबदार ठरली. पुरवठादारांकडून भाग घेऊन जुळविल्या जाणाऱ्या मालमोटारींच्या दृष्टीने हा निर्णय पायाभूत आहे.

सुकाणूचा प्रश्न न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये निकालात काढलेल्या ‘हेनिंगसेन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स’ या खटल्यात उघडपणे पुढे आला. मे १९५५ मध्ये खरेदी केलेली नवी मोटार काही दिवसांतच, एकूण ४६८ मैल धाव झालेली असताना, अपघातात सापडली. पुढच्या भागाखालून मोठा आवाज आला, सुकाणू चक्र हातात गरकन फिरले आणि गाडी उजवीकडे वळून भिंतीवर आदळली, असे ती चालविणाऱ्या महिलेचे म्हणणे होते. गाडीचा पुढचा भाग इतका चेंगरला होता, की सुकाणूचा कोणता भाग अपघातापूर्वी सदोष होता हे ठरविणे अशक्य झाले. हमीपत्रात तर निर्मात्याने आपली जबाबदारी सदोष भाग बदलून देण्यापुरतीच मर्यादित केली होती. न्यायालयाने ही मर्यादा अमान्य केली आणि अपघाताच्या परिस्थितीवरूनही दोषाचे अनुमान काढता येते, असे मानले. अपघाताने पुरावा नष्ट झाला म्हणून चालकाचे म्हणणे फेटाळता येत नाही, हे यातून प्रस्थापित झाले.

१९६६ चा कायदा : खटल्यांतून न्याय मिळाला, तरी तो अपघातानंतर व एका व्यक्तीपुरताच मिळतो. त्याच घडणीचे हजारो भाग रस्त्यावर फिरतच राहतात. राल्फ नेडर यांचे अनसेफ ॲट एनी स्पीड हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेत या प्रश्नावर लोकमत जागृत झाले आणि ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. कार्यक्षमता, बांधणी, घटक भाग किंवा सामग्री यांतील कोणताही दोष या कायद्याच्या कक्षेत आला. आरंभी निर्मात्यावर केवळ मालकांना सूचना देण्याचे बंधन होते. दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची सक्ती १९७४ च्या दुरुस्तीने आली. १९७० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे अंमलबजावणी सोपविण्यात आली व दोषांच्या अन्वेषणासाठी त्यात स्वतंत्र कार्यालय निर्माण झाले.

मात्र ‘दोष’ कशास म्हणावे हे कायद्याने स्पष्ट केले नव्हते. ते वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाच्या दोन निर्णयांनी ठरले. १९७५ च्या निर्णयाचा विषय जनरल मोटर्सच्या पाऊण टनी मालमोटारींची चाके हा होता. मालक मर्यादेपेक्षा अधिक भार लादतात म्हणून चाके तुटतात, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने सांगितले, की सामान्य वापरात एखादा भाग लक्षणीय संख्येने निकामी होत असेल, तर त्यात दोष आहे. आणि अपुरी देखभाल किंवा गैरवापर जर आधीच कल्पना करता येण्याजोगा असेल, तर तोही सामान्य वापरातच धरावा. वयोमानाने होणारी नैसर्गिक झीज मात्र दोष नव्हे. अधिक भार व अपुरे वंगण हे मालवाहतुकीत नित्याचे असल्याने या व्याख्येचे महत्त्व उघड आहे.

१९७७ चा निर्णय थेट सुकाणूविषयी होता. कॅडिलॅक मोटारींच्या १९५९ व १९६० च्या प्रतिमानांतील पिटमन आर्म तुटत असत. या भागाची सुट्या स्वरूपातील विक्री इतर वर्षांच्या प्रतिमानांच्या मानाने कितीतरी अधिक होती. भाग बहुधा गाडी उभी करताना, मंद वेगात चाके पूर्ण वळविली असता तुटतो व दुखापती थोड्याच झाल्या आहेत, म्हणून धोका अवास्तव नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. सुकाणू पूर्णपणे निकामी होणे ही गोष्टच अशी आहे, की तीत अवास्तव धोका अंतर्भूत असतो. मृत्यू व जखमा यांची संख्या पुरेशी होईपर्यंत थांबणे हा कायद्याचा उद्देश नाही, असे निर्णयाचे तात्पर्य होते. एकेरी मार्गाच्या भागांना वेगळा मापदंड लावला पाहिजे, हे तत्त्व यातून रूढ झाले. ते प्रवासी मोटारीच्या संदर्भात सांगितले गेले असले, तरी कित्येक पट भार वाहणाऱ्या मालमोटारीस ते अधिकच लागू पडते.

अन्वेषणाची पद्धती : आलेल्या तक्रारींची छाननी झाल्यावर प्राथमिक मूल्यमापन व त्यानंतर अभियांत्रिकी विश्लेषण असे दोन टप्पे असतात. निर्मात्याकडून तक्रारी, हमीखालील दावे, सुट्या भागांची विक्री, आरेखनांतील बदल आणि परीक्षणांचे अहवाल मागविले जातात. समकक्ष वाहनांशी तुलना केली जाते. आरेखनात गाजावाजा न करता केलेला बदल पुष्कळदा महत्त्वाचा पुरावा ठरतो. कारण निर्मात्यास दोष केव्हा कळला ते त्यावरून समजते. दोष मान्य झाल्यास वाहने परत बोलावून भाग बदलले जातात. निर्माता नाकबूल असल्यास जाहीर सुनावणी होऊन आदेश काढता येतो व तो न्यायालयात नेता येतो.

मालमोटारींच्या बाबतीत काही विशेष अडचणी येतात. एका प्रतिमानाच्या प्रवासी मोटारी लाखांनी विकल्या जातात, तर मालमोटारी तुलनेने थोड्या असतात व ग्राहकाच्या मागणीनुसार जुळविल्या जातात. आस एका कारखान्याचा, सुकाणू पेटी दुसऱ्याची आणि दांडे तिसऱ्याचे असू शकतात. त्यामुळे एकच सदोष भाग अनेक निर्मात्यांच्या गाड्यांत जातो आणि प्रत्येकाकडे येणाऱ्या तक्रारी थोड्याच दिसतात. शिवाय गाडी चालविणारा पुष्कळदा तिचा मालक नसतो. चालकाने सांगितलेली तक्रार मालकाच्या कार्यशाळेपर्यंत पोहोचते, भाग बदलला जातो आणि जुना भाग भंगारात जातो. शासनाकडे त्याची नोंदच होत नाही. याला पूरक म्हणून वापरातील गाड्यांच्या तपासणीचे नियम आहेत. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार सु. ५०८ मिमी. व्यासाच्या, तेलाचे साहाय्य असलेल्या सुकाणू चक्राची मोकळी चाल सु. १३३ मिमी. पेक्षा अधिक असता कामा नये. गोलक-सांधे झिजलेले किंवा वितळजोडाने (वेल्डिंगने) दुरुस्त केलेले चालत नाहीत. आणि पिटमन आर्म सैल असून चालत नाही.

जपानमधील अनुभव : माहिती दडविल्यास अन्वेषण कसे विफल होते हे जपानमधील दोन प्रकरणांवरून दिसते. जानेवारी २००२ मध्ये योकोहामा येथे मित्सुबिशीच्या एका अवजड मालमोटारीचे पुढचे चाक निखळून पादचारी मातेस लागले. ती मृत्यू पावली व तिची दोन मुले जखमी झाली. चाक ज्यावर बसते तो हब हा भाग तुटला होता. देखभालीअभावी झीज झाल्याने तो तुटला, अशी कंपनीची भूमिका होती. २००४ मध्ये मात्र अभिकल्पातील दोष मान्य करून गाड्या परत बोलाविण्यात आल्या. दोघा माजी अधिकाऱ्यांची दोषसिद्धी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये कायम केली. हब हा सुकाणूचा दुवा नव्हे. पण पुढच्या चाकाचा भार पेलणारा तोही एकेरी मार्गाचाच भाग आहे आणि ‘देखभाल की दोष’ हा वादही तोच आहे.

दुसरे प्रकरण टोयोटाच्या हायलक्स या हलक्या मालमोटारीच्या व तिच्याशी संबंधित प्रतिमानांच्या सुकाणूतील रिले रॉड या दांड्याचे आहे. ऑगस्ट २००४ मध्ये कुमामोटो प्रांतात अशा एका गाडीचे सुकाणू निकामी होऊन झालेल्या टकरीत पाच जण जखमी झाले. शिणवट्याने चिरा पडून दांडा तुटण्याची शक्यता मान्य करून त्याच वर्षी जपानमध्ये सु. ३ लाख ३० हजार वाहने परत बोलाविण्यात आली. हा दोष जपानमधील गाड्यांपुरताच आहे, असे कंपनीने त्या वेळी अमेरिकन प्रशासनास कळविले. परंतु २००५ मध्ये अमेरिकेतही सु. १० लाख वाहने परत बोलाविणे भाग पडले. पुढे हाती आलेल्या अधिक माहितीवरून २०१० मध्ये चौकशी झाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात, दोष वेळेवर न कळविल्याबद्दल कंपनीने १ कोटी ६० लाख ५० हजार डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. असे प्रसंग टाळण्यासाठी अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्येच कायदा झाला होता. परदेशांतील परतबोलावणी पाच कार्यदिवसांत कळविणे आणि तक्रारी व दावे यांचे नियतकालिक अहवाल देणे त्याने निर्मात्यांवर बंधनकारक केले. दोष केवळ ओळखता येणे पुरेसे नाही, तो वेळेवर सांगितलाही गेला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

याउलट मार्च २०१६ मध्ये व्होल्व्हो कंपनीने अमेरिकेतील आपल्या सु. १६ हजार अवजड मालमोटारी तत्काळ उभ्या करण्याची सूचना स्वतःच दिली. सुकाणू दांड्याच्या वरच्या व खालच्या तुकड्यांना जोडणारा बोल्ट योग्य जोराने आवळलेला नसण्याची आणि खालच्या सांध्यातील पिन बसविलेली नसण्याची शक्यता आढळली होती. दोन तुकडे विलग झाल्यास कोणत्याही पूर्वसूचनेविना सुकाणू पूर्ण निकामी झाले असते. ‘पुढील सेवेच्या वेळी दुरुस्ती करा’ असे न सांगता ‘गाडी चालवू नका’ असे सांगणे हे एकेरी मार्गाच्या भागाविषयीच्या तत्त्वाचेच व्यावहारिक रूप होय.

भारतातील स्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमानुसार सुकाणू चक्राची मोकळी चाल ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, गोलक-सांध्यांवर रबरी टोपणे असली पाहिजेत आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असल्या पाहिजेत. वाहने व त्यांचे भाग यांचे परीक्षण करणाऱ्या संस्थांत पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था प्रमुख आहे. अपघातग्रस्त वाहनाच्या तपासणीची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १३६ व्या कलमात आहे.

यांत्रिक बिघाडाचा बचाव मालकास केव्हा घेता येतो, याविषयी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका मालमोटार अपघाताच्या दाव्यात नियम स्पष्ट केला : दोष सुप्त होता व रास्त काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. मालकाची ही जबाबदारी आवश्यकच आहे. परंतु सुप्त दोष निर्मात्याकडे कसा पोहोचवावा, हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. त्यासाठी दीर्घकाळ सक्तीची व्यवस्था नव्हती. २०१२ पासून निर्मात्यांच्या संघटनेने स्वेच्छेने परतबोलावणीची आचारसंहिता स्वीकारली. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११०-अ हे कलम आले व त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात मालकांनी केलेल्या तक्रारींवरून, परीक्षण संस्थेच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने मिळालेल्या माहितीवरून केंद्र शासन वाहने परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना हे नियम लागू होतात. दोष घटक भागात असल्यास, तो भाग बसविलेली सर्व वाहने, ती कोणत्याही प्रकारची असली तरी, परत बोलाविता येतात. पुरवठादारांच्या भागांतून जुळविल्या जाणाऱ्या मालमोटारींसाठी ही तरतूद विशेष उपयुक्त आहे. मात्र तक्रारींचे प्रमाण हा निकष असला, की ज्या तक्रारी नोंदविल्याच जात नाहीत त्यांचा प्रश्न शिल्लक राहतो.

हलगर्जीपणाने मृत्यूस कारण होण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली चालकावर दाखल होतो. ‘स्टिअरिंग तुटले’ हे त्याचे म्हणणे कधी खरे, तर कधी केवळ सबब असते. सुकाणूचे तुटलेले दुवे सुरक्षित ठेवून त्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तर खऱ्याचे खोटे होत नाही आणि खोट्याचे खरेही होत नाही. गाडी भंगारात गेल्यावर मात्र हा मार्ग कायमचा बंद होतो.

अलीकडील प्रवाह : एकविसाव्या शतकात तेलाच्या साहाय्याबरोबर विद्युत् चलित्रे, संवेदक व संगणकीय नियंत्रण यांचा मालमोटारींच्या सुकाणूत प्रवेश झाला आहे. त्यामुळे दोष धातूऐवजी संगणकीय आज्ञावलीतही असू शकतो व तेथे भंगपृष्ठासारखी दृश्य खूण नसते. तिची जागा वाहनात साठविलेल्या नोंदी घेतात. तथापि चाकांपाशी शेवटी पोलादी दांडे व गोलक-सांधेच असल्याने जुनी पद्धती कालबाह्य झालेली नाही. भाग आधी तुटला की नंतर, एकच तुटला की त्या घडणीचे सर्वच तुटण्याजोगे आहेत, आणि हे निर्मात्यास केव्हा कळले, या तीन प्रश्नांभोवतीच दोष-अन्वेषण आजही फिरत असते.